स्पॅम अडवताना कामाचा मेल हरवू नये म्हणून

एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर आम्ही सांभाळतो. प्राध्यापक, कार्यालय, ग्रंथालय, लेखा विभाग मिळून सुमारे दीडशे खाती. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो, डव्हकॉट तो ज्याच्या त्याच्या फोल्डरात ठेवतो, आणि आरस्पॅमडी प्रत्येक मेल तपासून त्याला गुण देतो (जितके जास्त गुण, तितका स्पॅमचा संशय जास्त). तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ही गाळणी नव्याने बसवताना कामाचा क्रम काय ठेवला, कुठे काय अडते आणि मराठी मेलसाठी काय वेगळे करावे लागते, ते पुढे आहे.

काम सुरू होण्याआधी मागणी आली ती नेहमीचीच: एकही स्पॅम दिसता कामा नये. अशी गाळणी बांधता येते, पण ती कामाचे मेलही गिळते. म्हणून आधी दोन प्रश्न मांडून त्यांची उत्तरे कागदावर घेतली. रोज तीन-चार फालतू मेल इनबॉक्समध्ये आले तर काय बिघडेल? आणि परीक्षा अर्जाची मुदत कळवणारा विद्यापीठाचा एकच मेल वर्षातून एकदा नाहीसा झाला तर? पहिल्याचे उत्तर ‘डिलीट करू’ असे आले. दुसऱ्याचे उत्तर शंभरेक विद्यार्थ्यांच्या वर्षाशी जाऊन भिडते. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन उत्तरांवर तपासला.

त्यातून पहिला नियम निघाला. आलेल्या मेलचे शेवट तीनच: इनबॉक्स, जंक फोल्डर किंवा दारातच नकार. मेल स्वीकारायचा आणि गुपचूप नष्ट करायचा, हा चौथा शेवट आम्ही बंद केला. कारण एसएमटीपीच्या, म्हणजे मेल देताघेताना दोन सर्व्हरमध्ये होणाऱ्या ठरीव संवादातच पाचशेच्या मालिकेतला (५०० च्या पुढच्या क्रमांकाचा, कायमचा) नकार दिला, तर समोरचा सर्व्हर आपल्या माणसाला ‘तुमचा मेल पोचला नाही’ असे कळवतो. खरा माणूस असेल तर तो फोन करतो, दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो. एकदा का ‘२५०’, म्हणजे ‘मिळाला’, म्हणून मेल ताब्यात घेतला, की जबाबदारी आपली. नंतर टाकून दिला तर पाठवणारा समजतो की पोचला. नंतर परत पाठवला तर आणखी वाईट, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो आणि आपला परतीचा मेल भलत्याच निरपराध माणसाच्या माथी पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात आणि त्यापायी आपलाच सर्व्हर काळ्या यादीत, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत जातो. म्हणून आरस्पॅमडी पोस्टफिक्सला मिल्टर म्हणून, म्हणजे मेल आत येत असतानाच तपासणारा जोडीदार म्हणून, ११३३२ या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) जोडला. मजकूर पूर्ण येतो, गुण ठरतात, आणि मगच हो किंवा नाही म्हटले जाते.

पहिले दोन आठवडे काहीही अडवले नाही. पोस्टफिक्समध्ये यासाठी दोन सोयी आहेत आणि त्या फार कमी जण वापरतात. ‘वॉर्न_इफ_रिजेक्ट’ हा शब्द एखाद्या नियमाआधी लिहिला, की तो नियम मेल अडवत नाही, ‘अडवला असता’ एवढीच नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत करतो. दुसरी सोय ‘सॉफ्ट_बाउन्स’. ती चालू असताना पोस्टफिक्सचा प्रत्येक कायमचा नकार तात्पुरत्या नकारात बदलतो, म्हणजे पाचशेच्या जागी चारशेची मालिका जाते. समोरचा प्रामाणिक सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची स्वतःची मूळ मुदत पाच दिवसांची आहे आणि बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस तरी धीर धरतात. तेवढ्यात चूक सापडली तर नियम दुरुस्त करायचा, मेल आपोआप येतो, काहीच हरवत नाही. मात्र काम झाल्यावर ही सोय आठवणीने बंद करावी लागते. ती चालूच राहिली तर समोरच्याला पाच दिवस पत्ताच लागत नाही की मेल अडला आहे.

दारावरची पहिली तपासणी काळ्या याद्यांची. मेल आणणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याचे चार आकडे उलट्या क्रमाने लिहून यादीच्या डोमेनला जोडायचे आणि डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला विचारायचे. यादीत असेल तर १२७.०.०.अमुक असे उत्तर येते, नसेल तर उत्तर येत नाही. आम्ही स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची झेन ही एकत्रित यादी घेतली. तिची फुकट सेवा कमी वापराच्या आणि अव्यावसायिक सर्व्हरसाठी आहे. उत्तराचा शेवटचा आकडा २ असेल तर तो पत्ता स्पॅम पाठवणारा म्हणून नोंदला आहे, ४ ते ७ असेल तर बहुधा व्हायरसने ताब्यात घेतलेला संगणक, १० किंवा ११ असेल तर घरगुती ब्रॉडबँड किंवा मोबाइलचा पत्ता, जिथून थेट मेल यायचे काहीच कारण नाही.

या तपासणीत एक मोठा खड्डा आहे. सर्व्हरचा डीएनएस गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे (डीएनएसची उत्तरे शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे) वळवलेला असेल, तर स्पॅमहाउस खऱ्या उत्तराऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हा आकडा देते. त्याचा अर्थ ‘तुम्ही सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारता आहात, उत्तर मिळणार नाही’. पण पोस्टफिक्सला नुसते ‘यादीत आहे का’ एवढेच विचारायला सांगितले असेल, तर कोणतेही उत्तर त्याला ‘आहे’ असेच वाटते. मग प्रत्येक मेल, विद्यापीठाचाही आणि बँकेचाही, परत जातो. लॉगमध्ये मात्र ‘काळ्या यादीतला आयपी’ अशी निर्मळ दिसणारी नोंद पडते. म्हणून दोन गोष्टी एकत्र करायच्या. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवायचा आणि तो प्रश्न पुढे कुणाकडे ढकलत नाही ना, हे पाहायचे. शिवाय पोस्टफिक्सच्या नियमात यादीच्या नावापुढे १२७.०.०.[२..११] असा आकड्यांचा पल्ला लिहायचा. त्या बाहेरचे उत्तर म्हणजे नोंद नव्हे, हे त्याला तेव्हाच कळते.

घरगुती पत्त्यांची यादी आपल्याच लोकांना लागू होऊ देऊ नये, हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण हीच चूक वारंवार दिसते. प्राध्यापक घरून मेल पाठवतात, त्यांचा ब्रॉडबँडचा पत्ता त्या यादीत असणारच. पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ पोर्टवर येणाऱ्यांना या तपासणीतून पूर्ण वगळायचे. काळ्या याद्या फक्त २५ पोर्टवर, जिथे बाहेरचे सर्व्हर मेल आणून देतात.

त्याच दारावर पोस्टफिक्सचा पोस्टस्क्रीन बसवला. तो समोरच्याला लगेच पूर्ण स्वागत न देता सहा सेकंद थांबवतो. शिष्ट सर्व्हर वाट पाहतो. स्पॅम पाठवणाऱ्या बॉटला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) घाई असते, तो स्वागताआधीच बोलू लागतो आणि तिथेच पकडला जातो. एवढ्या साध्या युक्तीने पुढच्या तपासणीवरचा भार पुष्कळ हलका होतो.

यानंतर पाठवणाऱ्याची ओळख. एसपीएफ सांगतो की या डोमेनचा मेल कोणत्या आयपीवरून यायला हवा. डीकिम म्हणजे मेलवरची पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल सही. डीमार्क सांगतो की दोन्ही फसले तर काय करावे, आणि त्यातला एक जरी दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळून पास झाला तरी चालते. यांच्याकडून फार अपेक्षा धरल्या जातात. मेल कोणाच्या डोमेनवरून आला एवढेच या तिन्हींतून कळते, मेल चांगला की वाईट ते नाही. स्पॅमवालेही शंभर रुपयांत डोमेन घेतात आणि नीट सही करून पाठवतात. म्हणून ‘डीकिम पास’ला आम्ही गुणांत जवळजवळ काहीच सूट दिली नाही.

उलट बाजूने, एकटा एसपीएफ फसला म्हणून मेल नाकारू नये. कारण फॉरवर्डिंग. निवृत्त प्राध्यापकाने जुन्या खात्यावरचा मेल आपल्या नव्या पत्त्याकडे वळवला, की तो मेल वळवणाऱ्या सर्व्हरच्या आयपीवरून येतो, आणि मूळ डोमेनच्या एसपीएफमध्ये तो आयपी नसतो. सही मात्र शाबूत राहते. मेलिंग लिस्टमध्ये (एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सदस्यांना वाटणाऱ्या सेवेत) नेमके याच्या उलट होते: लिस्ट विषयाच्या आधी आपले नाव कंसात घालते, खाली तळटीप जोडते आणि सही मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचे धोरण ‘नाकारा’ असे केले, तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट याच कारणाने कोलमडल्या होत्या. आमचा नियम असा: एसपीएफ फसला तर थोडे गुण, डीमार्क ‘नाकारा’ म्हणत असेल तरच नकार, आणि ओळखीच्या लिस्ट त्यातून वगळलेल्या.

आपल्या स्वतःच्या डोमेनच्या नोंदीतही चुका होतात. फी भरण्याची सेवा, ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर, प्रवेशाचे पोर्टल, प्रत्येक जण ‘ही ओळ डीएनएसमध्ये टाका’ असे सांगतो. ती ओळ जुन्या एसपीएफशेजारी वेगळी नोंद म्हणून टाकली, तर दोन नोंदी झाल्या आणि नियमाप्रमाणे दोन्ही निकामी. सगळे एकाच ओळीत ओवायचे. आणि त्या ओळीतून होणारे डीएनएसचे शोध दहाच्या वर गेले तरी एसपीएफ मोडतो. एकेका सेवेच्या आत चार-चार शोध दडलेले असतात, त्यामुळे दहाचा आकडा वाटतो त्यापेक्षा फार लवकर येतो. डीमार्क आम्ही आधी ‘काही करू नका, फक्त अहवाल पाठवा’ या पातळीवर ठेवला. अहवालात आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवते आहे ते दिसते आणि बऱ्याचदा त्यात कोणीतरी विसरलेली सेवा निघते. ती मार्गी लागल्यावरच धोरण कडक करायचे.

आता गुण. आरस्पॅमडीत मूळ हद्दी अशा असतात: ४ गुणांवर तात्पुरते थांबवणे, ६ वर स्पॅमचा शिक्का, १५ वर नकार. शिक्का बसला की मेल सिव्ह या मेल वाटण्याच्या नियमभाषेतल्या एका लहानशा नियमाने जंकमध्ये जातो. पहिला महिना आम्ही नकाराची हद्द २० केली आणि रोज सकाळी १२ ते २० मधले मेल लॉगमधून वाचून काढले. विषय, पाठवणारा, कोणत्या नियमाने किती गुण दिले, एवढे पुरते. सेटिंग बदलायचे ते ‘लोकल.डी’ फोल्डरात. मूळ फाइलला हात लावला तर पुढच्या अपडेटला बदल पुसले जातात. प्रत्येक बदलानंतर आधी ‘कॉन्फिगटेस्ट’ (सेटिंगची चाचणी) आणि मगच रीलोड.

एका नियमाला कधीही इतके गुण देऊ नयेत, की तो एकटा मेल अडवू शकेल. याला मोठा दाखला आहे. १ जानेवारी २०१० रोजी स्पॅमअसॅसिन ही दुसरी गाळणी वापरणाऱ्या अनेक सर्व्हरवर साधे मेल अचानक स्पॅममध्ये जाऊ लागले. ‘मेलवरची तारीख फार पुढची आहे’ हे ओळखणारा एक जुना नियम होता आणि त्याच्या लेखी २०१० हे साल अजून ‘फार पुढचे’च होते. त्या नियमाला तीनहून जास्त गुण होते आणि स्पॅमअसॅसिनची मूळ हद्द पाचची. नियम लिहिताना तो बरोबरच होता. वेळ गेली आणि तो चुकीचा झाला. म्हणून हाताने लिहिलेल्या प्रत्येक नियमापुढे आम्ही तो कधी आणि कशासाठी लिहिला ते टिपतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहतो.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो बेज गाळणी शिकवायला, आणि मराठीचा प्रश्न इथेच येतो. बेज म्हणजे शब्दांची आकडेवारी. कोणते शब्द स्पॅममध्ये किती वेळा आले आणि चांगल्या मेलमध्ये किती, यावरून नव्या मेलचा अंदाज. आरस्पॅमडीत दोन्ही बाजूंचे किमान २०० मेल शिकवल्याशिवाय ती बोलतच नाही. बहुतेक ठिकाणी हे २०० स्पॅम पटकन जमतात आणि चांगले २०० मेल हाताला येतील ते टाकले जातात, म्हणजे इंग्रजीतले. परिणाम काय होतो तो आकड्यांत पाहा. समजा २०० स्पॅमपैकी ३० मराठीत होते: कर्ज, ज्योतिष, घरबसल्या कमाई. आणि २०० चांगल्या मेलपैकी मराठीत फक्त २. ‘आहे’ हा शब्द मराठी मेलमध्ये जवळपास सगळीकडे येणारच. मग ‘आहे’चे स्पॅमपण निघते ३० भागिले ३२, म्हणजे सुमारे ०.९४. ‘आणि’चे तितकेच. ‘आपल्या’चे तितकेच. गाळणी शिकली ती एवढेच, की मराठी म्हणजे स्पॅम. आरस्पॅमडी सुटे शब्द न घेता जवळजवळच्या शब्दांच्या जोड्या मोजतो, त्यामुळे आकडे थोडे वेगळे येतात, पण कल तोच राहतो.

उपाय कष्टाचा आहे, पण एकच. कार्यालयाच्या परवानगीने परिपत्रके, रजेचे अर्ज, पालकांशी झालेला पत्रव्यवहार, सभेच्या सूचना असे शंभरावर मराठी मेल निवडून आधी चांगल्या बाजूला शिकवले. हिंदीतले शासकीय मेलही घातले. देवनागरीतला पहिला स्पॅम शिकवायचा तो यानंतर.

अगदी लहान मेलवर बेज चालत नाही, हेही माहीत असावे. मूळ सेटिंगमध्ये ११ पेक्षा कमी शब्दखुणा असतील तर आरस्पॅमडी बेजचे मत घेत नाही. ‘सर, फोन करा’ अशा मेलवर निर्णय बाकीच्या नियमांवरच होतो.

मराठी शब्दांसाठी स्वतः नियम लिहिताना आणखी एक सापळा लागतो. उदाहरणादाखल ‘सेल’ हा शब्द घ्या. जाहिरातीतला ‘सेल’ पकडायचा म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेचे चिन्ह लावून रेगेक्स (मजकुरात नमुना शोधणारे सूत्र) लिहिला. इंग्रजीत तो बरोबर चालला असता. पण अनेक रेगेक्स इंजिने काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाहीत. ‘दिसेल’ हा शब्द त्यांच्या लेखी ‘द’, मग वेलांटी, मग ‘सेल’. वेलांटी अक्षर नाही म्हणजे तिथे शब्द संपला, आणि पुढचा ‘सेल’ सुटा शब्द ठरला. झाले, ‘निकाल संकेतस्थळावर दिसेल’ या वाक्याला जाहिरातीचे गुण. ‘कर्ज’ शोधणारा नियमही याच कारणाने ‘कर्जत’ सोडतो पण ‘कर्जाची’ पकडतो. शब्दसीमेच्या चिन्हाऐवजी ‘आधी आणि नंतर देवनागरी पल्ल्यातले काहीही नको’ अशी अट लिहिली, म्हणजे यूनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पल्ला दोन्ही बाजूंनी वगळला, की ‘दिसेल’ सुटतो. ‘कर्जाची’सारखी विभक्तीची रूपे पकडायची असतील तर ती वेगळी लिहायची.

आणि ‘करणाऱ्या’. हा शब्द संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण स्पॅमवाले इंग्रजी शब्द फोडायला याच शून्य रुंदीच्या चिन्हांचा आसरा घेतात, म्हणून ‘अशी चिन्हे दिसली तर गुण द्या’ असा नियम बरेच जण लिहितात. मराठीत ‘येणाऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ असले शब्द प्रत्येक पत्रात सापडतात. तो नियम फक्त रोमन अक्षरांच्या मधल्या चिन्हांपुरता ठेवला पाहिजे. बेजच्या दृष्टीनेही ही दोन रूपे दोन वेगळे शब्द ठरतात, म्हणून शिकवण्याच्या मेलमध्ये दोन्ही प्रकारचे असावेत.

जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवणारे लोक अजून आहेत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि गाळणीला तर तो नेहमी तसाच दिसतो. अशा मेलला स्पॅमसारखे गुण मिळाले तर नवल नाही. यावर नियम लिहीत बसण्याऐवजी असे मेल पाठवणाऱ्या ओळखीच्या कार्यालयांचे पत्ते डीकिमची सही जुळल्याच्या अटीवर मोकळे केले. नुसत्या पत्त्यावर कधीही मोकळीक देऊ नये. पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो.

ग्रेलिस्टिंगबद्दल थोडे. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचे, खरा सर्व्हर परत येतो, बॉट बहुधा येत नाही. ही कल्पना २००३ पासूनची. सरसकट लावली तर मात्र त्रास होतो. थांबवणे पाच मिनिटांचे, पण समोरचा पुन्हा कधी येईल ते त्याच्या हातात. एसएमटीपीच्या मानकात तर पुनर्प्रयत्नासाठी किमान अर्ध्या तासाची शिफारस आहे. दहा मिनिटांत संपणारा ओटीपी अर्ध्या तासाने आला तर त्याचा काय उपयोग? मोठ्या सेवा दुसऱ्या प्रयत्नाला वेगळ्या आयपीवरून येतात, मग घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून आम्ही ४ गुणांच्या वरच्या संशयित मेललाच ते लावले, आणि आयपी एकेकटा न धरता त्याचा २५६ पत्त्यांचा गट धरला.

जोडलेल्या फाइलींबाबत निर्णय सोपा होता. ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ सरळ नाकारायच्या, झिपच्या आत असल्या तरी. अडचण पासवर्ड लावलेल्या फाइलींची. व्हायरस तपासणी त्यांच्या आत पाहू शकत नाही, म्हणून हल्लेखोरांना त्या आवडतात. पण आपल्याकडे बँकेची स्टेटमेंटे पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्येच येतात आणि ई-आधारही तसेच. सरसकट बंदी घातली तर पहिला फोन लेखा विभागाचा. तडजोड अशी: पासवर्डची पीडीएफ चालेल, पासवर्डची झिप जंकमध्ये, आणि झिपसोबत त्याच मेलमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल तर जादा गुण. एचटीएमएल फाइल जोडून आली तर तीही जंकमध्ये. खोटे लॉगिन पान आजकाल लिंकऐवजी तिच्यातूनच येते.

गाळणी जे पकडू शकत नाही ते उघड सांगितले पाहिजे. प्राचार्यांच्या नावाने एक नवे जीमेल खाते उघडले जाते, ‘मी मीटिंगमध्ये आहे, एक काम करा’ अशी एक ओळ येते. लिंक नाही, फाइल नाही, एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पास, कारण मेल खरोखरच जीमेलवरून आला आहे. दर्शनी नाव आमच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीशी जुळते आणि डोमेन बाहेरचे, असा नियम लिहून विषयाच्या आधी ‘बाहेरून’ हा शब्द जोडला. तो मदत करतो, पण पैशाच्या कोणत्याही विनंतीला परत फोन करून खातरजमा करायची, ही रीत लेखा विभागाने लावून घेतली तेव्हाच प्रश्न सुटला. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवायचे, हे त्यांच्या टेबलावर लिहून ठेवले आहे. लोक विचारतात की १९०९ वर नोंद करून हे मेल बंद होतील का. ती सोय फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही.

वापरणाऱ्यांकडून शिकवणी घ्यायची तर डव्हकॉटमध्ये सोय आहे: मेल जंकमध्ये हलवला की तो स्पॅम म्हणून शिकला जातो, जंकमधून बाहेर काढला की चांगला म्हणून. यात एक अपवाद लिहायलाच हवा. जंकमधून कचऱ्यात गेलेला मेल ‘चांगला’ धरू नये. तो अपवाद राहिला तर जंक साफ करणारा प्रत्येक जण नकळत गाळणीला उलटे शिकवत राहतो आणि महिन्याभरात ती आंधळी होते. दुसरा बिघाड असा, की स्वतःहून नाव नोंदवलेली मासिके आणि परिषदांची पत्रके लोक कंटाळून जंकमध्ये टाकतात. एकाने टाकले की दुसऱ्याला हवे असलेले पत्रकही जंकमध्ये जाऊ लागते. म्हणून सर्वांना एकच सांगितले: नाव तुम्ही नोंदवले असेल तर सदस्यत्व रद्द करा, नोंदवले नसेल तरच जंक. २०२४ मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सदस्यत्व-रद्द सोय सक्तीची केल्याने हे आता सोपे झाले आहे.

जंक फोल्डर ३० दिवसांनी आपोआप रिकामे होते. प्रवेश आणि परीक्षांच्या दिवसांत ही मुदत ६० करतो आणि कार्यालयातली एक व्यक्ती रोज दुपारी जंकमधले विषय नजरेखालून घालते. दहा मिनिटांचे काम आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही.

बाहेर जाणाऱ्या मेलकडेही तितकेच लक्ष लागते. एकाचा पासवर्ड चोरीला गेला, की त्या खात्यातून रात्रीतून हजारो मेल जातात आणि सकाळी संपूर्ण संस्थेचे मेल सगळीकडून परत येऊ लागतात. प्रत्येक खात्याला तासाला १०० प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे. ती ओलांडली की मेल अडतो आणि आम्हाला सूचना येते. निकालाच्या दिवशी परीक्षा विभागाची मर्यादा आधीच वाढवून ठेवतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चालणारी तपासणी. जीट्यूब नावाची ठरलेली चाचणी-ओळ आहे, तिला जवळपास सगळ्या गाळण्या स्पॅम मानतात. ती बाहेरच्या खात्यावरून पाठवून नकार येतो का पाहायचे. ‘दिसेल’, ‘करणाऱ्या’ दोन्ही रीतींनी, आणि पासवर्डची पीडीएफ असलेला एक साधा मराठी मेल पाठवायचा, तो इनबॉक्समध्येच पडला पाहिजे. मग प्रत्येक काळ्या यादीला दोन पत्ते विचारायचे. १२७.०.०.२ हा चाचणीचा पत्ता यादीत असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ कधीच नसला पाहिजे. पहिल्याला उत्तर आले नाही तर यादी बंद पडली आहे किंवा आपल्याला उत्तर देत नाही. दुसऱ्याला आले तर यादी सगळ्या जगालाच स्पॅम म्हणते आहे. बंद पडलेल्या याद्यांचे असे होते, आणि याद्या बंद पडतात: सॉर्ब्ससारखी वीस वर्षांहून जुनी यादीही जून २०२४ मध्ये बंद झाली. दोन्हींपैकी काहीही चुकले तर त्या यादीची ओळ त्याच क्षणी काढायची, का चुकले ते नंतर शोधायचे.